स्वयंपाकघरातील ओटा : पारख, बसवणी आणि निगा

घरातील कोणती वस्तू सर्वाधिक वापरली जाते, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांच्या मनात खुर्ची, पलंग किंवा दूरदर्शन संच येईल. प्रत्यक्षात तो मान स्वयंपाकघरातील ओट्याचा आहे. पहाटेच्या चहापासून रात्रीचे दूध तापवण्यापर्यंत त्याच्यावर काम चालूच असते. तापलेले कुकर, सांडलेले ताक, हळदीचे हात, कोकमाचे आगळ, वरवंट्याचे घाव, सणासुदीला तळणाच्या कढया हे सारे तो मुकाट्याने सोसतो. फर्निचर कंटाळा आला की बदलता येते, रंग दर पाच वर्षांनी काढता येतो. ओटा मात्र एकदा बसला की पंधरा-वीस वर्षे त्याच्याशी संसार करावा लागतो. म्हणूनच त्याची निवड, बसवणी आणि निगा यांविषयी थोडे शास्त्रशुद्ध ज्ञान प्रत्येक गृहस्थाने व गृहिणीने करून घेणे हिताचे आहे.

या अभ्यासासाठी आपण बंगळूरच्या एचएसआर लेआउटचे उदाहरण घेऊ. होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या आद्याक्षरांवरून नाव मिळालेली, बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली आणि सात सेक्टरांत विभागलेली ही वसाहत अगर तलावाच्या शेजारी आहे. नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या घरांतील पहिला ओटा आता जुना झाला आहे आणि तो बदलावा की दुरुस्त करावा, हा प्रश्न त्यांच्यापुढे आहे. दगडाच्या दृष्टीने ही जागा भाग्याची म्हणावी लागेल. येथून दक्षिणेला सुमारे २० किलोमीटरवर जिगणी हे गाव आहे. तेथील औद्योगिक वसाहतीत ग्रॅनाइट कापण्याचे व पॉलिश करण्याचे कारखाने एकवटलेले आहेत, आणि परदेशी जाणारा दगडही तेथे तयार होतो.

पायाखालचा दगड आणि ओट्यावरचा दगड

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन बनलेल्या काळ्या बेसॉल्टवर वसलेला आहे. बंगळूरची भूमी याहून कितीतरी प्राचीन. लालबागेतील टेकडीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो व त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे. रामनगरच्या परिसरातून उत्तरेकडे पसरलेला ग्रॅनाइटचा पट्टा भूवैज्ञानिकांना 'क्लोजपेट ग्रॅनाइट' या नावाने परिचित आहे. क्लोजपेट हे रामनगरचे इंग्रजी अमदानीतील नाव. १९५६ साली पूर्ण झालेले विधानसौधही याच भूमीतील ग्रॅनाइटमधून उभे राहिले आहे. चामराजनगरचा काळा, कनकपुऱ्याचा बहुरंगी, इलकलचा लालसर, हसनचा हिरवा अशी कर्नाटकातील दगडांची रंगसंपदा मोठी आहे. शेजारच्या आंध्र प्रदेशातील चिमकुर्तीचा, अंगावर सोनेरी ठिपके मिरवणारा 'गॅलक्सी' दगडही येथे सहज मिळतो.

महाराष्ट्रातील जुन्या घरांत मात्र ओटा म्हटला की कडप्पा हेच समीकरण होते. कडप्पा आणि ग्रॅनाइट दोन्ही काळे दिसले तरी त्यांची जात निराळी आहे. आंध्रातील कडप्पा जिल्ह्यावरून नाव पडलेला हा दगड चुनखडकाच्या कुळातला, म्हणजे आपल्या शहाबादी आणि कोटा फरशीचा भाऊबंद. चुनखडक व संगमरवर यांचा मुख्य घटक कॅल्साइट. काठिण्याच्या दहा अंशी मोजपट्टीवर कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर असते, तर पोलादी सुरी साधारणपणे साडेपाचव्या. साहजिकच सुरीचा ओरखडा कडप्प्यावर उमटतो. याशिवाय कॅल्साइटचे आम्लाशी वैर आहे. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो किंवा व्हिनेगर सांडून राहिले की तेथील चकाकी जाते. हा डाग नसून दगडाचा पृष्ठभाग विरघळलेला असतो. त्यामुळे तो कितीही घासला तरी निघत नाही.

ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार ही खनिजे प्रामुख्याने असतात. त्यांचे काठिण्य सहा ते सात असल्याने सुरी त्यांच्यापुढे हतबल ठरते, आणि स्वयंपाकातील आम्लांचाही त्यांच्यावर परिणाम होत नाही. व्यापारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकला जाणारा दगड शास्त्रीय अर्थाने बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. पण तोही घट्ट विणीचा व टिकाऊ असल्याने ओट्यासाठी उत्तम ठरतो.

अलीकडे कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या लाद्याही लोकप्रिय आहेत. त्यांत सुमारे नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि उरलेला भाग राळेसारख्या कृत्रिम बंधकाचा असतो. त्यांना पाणी वा हळद सहसा शोषता येत नाही, हा गुण. परंतु तापलेली कढई थेट ठेवली तर बंधक करपून कायमचा डाग पडतो, हा दोष. आपल्या पद्धतीच्या स्वयंपाकात हा दोष लहान नाही.

दुकानातील चार परीक्षा

दगड खरेदीला जाताना खिशात लिंबाची फोड, पाण्याची लहान बाटली, पांढरे फडके आणि मोजपट्टी असावी. दुकानदाराची परवानगी घेऊन पुढील परीक्षा तुकड्यावर कराव्यात.

पहिली परीक्षा पाण्याची. पाण्याचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे. पुसल्यावर तेथे दगड गडद दिसला तर तो पाणी शोषतो, म्हणजेच तेल आणि हळदही शोषणार. दुसरी परीक्षा लिंबाची. पंधरा मिनिटांनी चकाकी उतरली तर दगडात कॅल्साइट आहे असे समजावे. तिसरी परीक्षा रंगाची. काही वेळा करड्या दगडाला रंग देऊन तो काळा म्हणून विकला जातो. पांढऱ्या फडक्यावर नखांचा रंग काढण्याचे द्रावण, म्हणजे अ‍ॅसिटोन, घेऊन घासावे. फडके काळे झाले तर तो सौदा सोडून द्यावा. चौथी परीक्षा आवाजाची. उभ्या केलेल्या लादीवर नाण्याने हलके टकटक करत जावे. निर्दोष दगड खणखणीत वाजतो, आत भेग असलेल्या जागी आवाज बसका येतो. लादीच्या पाठीमागे जाळी चिकटवलेली असेल तर ती कशासाठी, हे अवश्य विचारावे.

जाडी कडेवर तीन-चार ठिकाणी मोजावी. ओट्यासाठी १८ ते २० मिलिमीटर जाडी योग्य. आणखी एक गोष्ट : नमुन्याचा वीतभर तुकडा पाहून पसंती देऊ नये. दगड निसर्गाचा आहे. एकाच खाणीतील दोन लाद्याही सारख्या नसतात. आपली लादी स्वतः पाहावी, तिच्यावर नाव लिहून घ्यावे आणि पूर्ण ओटा शक्यतो एकाच लादीतून अथवा लगतच्या लाद्यांतून कापून घ्यावा.

मोजमाप आणि अंदाजपत्रक

हिशेबातील बारकावे ग्राहकाला ठाऊक नसले की खर्च फुगतो. उदाहरण म्हणून काटकोनी आकाराचा ओटा घेऊ. भिंतीलगत एक बाजू ९ फूट, दुसरी ६ फूट, रुंदी २ फूट. पुष्कळदा ९ गुणिले २ आणि ६ गुणिले २ अशी बेरीज करून ३० चौरस फूट सांगितले जाते. यात कोपऱ्याचा २ फूट बाय २ फूट भाग दोनदा मोजला गेला. खरे क्षेत्रफळ १८ अधिक ८, म्हणजे २६ चौरस फूट. कापताना वाया जाणाऱ्या दगडाची रक्कम वेगळी द्यावी लागली तर द्यावी, पण ती त्या नावाने मांडलेली असावी.

पुढच्या कडेची गोलाई, जिला कारागीर मोल्डिंग म्हणतात, ती रनिंग फुटावर आकारली जाते. वरील ओट्यात पुढची कड ७ अधिक ४, म्हणजे ११ फूट भरते; एखादे टोक उघडे असेल तर त्याचे २ फूट आणखी. सिंक व शेगडीसाठी करावयाच्या कापणीची मजुरी नगावर असते. दगड, मोल्डिंग, कापणी, वाहतूक, जुना ओटा काढणे, मलबा नेणे आणि बसवणी अशा सात बाबी दरपत्रकात स्वतंत्र लिहून घ्याव्यात व वस्तू-सेवा करासह पक्के बिल मागावे. गृहसुधारणेसाठी कर्ज घ्यावयाचे असल्यासही असे तपशीलवार अंदाजपत्रक उपयोगी पडते. घाईने केलेला तोंडी व्यवहार शेवटी महागच पडतो.

उंची ठरवताना

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीवर सोडू नये. तेथे रोज उभे राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची उंची मोजावी आणि ओटा त्याच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ठेवावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीसाठी हे माप सुमारे ३२ ते ३४ इंच येते. येथे आपल्या स्वयंपाकाचा विचार हवा. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल तर तिची उंची व वर कुकर, म्हणजे फोडणी टाकताना खांदे उचलावे लागतात. अशा घरात ओटा मापाच्या खालच्या टोकाला ठेवावा. ओट्यात बसवलेली शेगडी असेल तर वरचे टोक चालते. पोळ्या लाटताना पोळपाटाची उंचीही जमेस धरावी लागते. दोन इंचांच्या चुकीची किंमत पाठ आणि मान पुढे अनेक वर्षे मोजत राहतात.

बसवणीचा क्रम

दगड जड असतो. २० मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट दर चौरस फुटाला सुमारे ५ किलो भरतो. म्हणजे आपल्या २६ चौरस फुटांच्या ओट्याचे वजन सुमारे १३० किलो झाले. जुन्या पद्धतीत हा भार दगडाच्या उभ्या पाटांवर पेलला जात असे. हल्लीच्या मॉड्युलर रचनेत तो प्लायवूडच्या कपाटांवर येतो. ते प्लायवूड उकळत्या पाण्याला टिकणारे असावे. सागरी प्लायवूडसाठीचे भारतीय मानक क्रमांक ७१० पाहून घ्यावे. सिंकखालच्या कपाटाला विशेष आधार द्यावा.

पहिली पायरी भिंतींचा काटकोन तपासण्याची. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर व दुसरीवर ४ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर ५ फूट भरले तर कोन काटकोन आहे. तसा तो क्वचितच भरतो, म्हणून पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा करून त्यावरून दगड कापणे श्रेयस्कर.

दुसरी पायरी पातळी पाहण्याची. कपाटे अथवा पाट पाणसळ लावून एका पातळीत आणावेत. दगड कोठेही अधांतरी राहता कामा नये. पुढे जाणाऱ्या बहुतेक भेगांचे मूळ येथेच असते. तिसरी पायरी कोरड्या मांडणीची. चिकटवण्याआधी सारे तुकडे मांडून नक्षीचा प्रवाह, सांधे आणि शेगडी-सिंकच्या जागा पाहाव्यात. सांधा सिंकच्या किंवा शेगडीच्या कापणीवर येऊ देऊ नये, कारण तेथे दगड अरुंद व दुबळा असतो. कापणीचे आतले कोपरे टोकदार न ठेवता गोल घ्यावेत. टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते.

त्यानंतर दगड चिकटवावा. सांधा शक्य तितका बारीक ठेवून दगडाच्या रंगाच्या इपॉक्सीने भरावा. पांढरे सिमेंट येथे टिकत नाही व काळवंडते. भिंत आणि ओटा यांच्यामधील फट बुरशीरोधक सिलिकॉनने बंद करावी. फिक्या दगडाला साध्या सिलिकॉनमुळे तेलकट डाग पडू शकतो, म्हणून दगडासाठीचे उदासीन प्रकारचे सिलिकॉन मागावे. ओट्याची कड कपाटापुढे इंचभर असावी आणि तिच्या खालच्या अंगाला बारीक खाच घ्यावी. सांडलेले पाणी या खाचेशी अडून खाली पडते, कपाटाच्या दारांवर ओघळत नाही. हे काम क्षुल्लक; पण त्यावाचून दारे फुगलेली अनेक घरांत दिसतात. बसवल्यावर किमान चोवीस तास ओट्यावर भार ठेवू नये. सिमेंटच्या बैठकीवर बसवला असेल तर आठवडाभर सबुरी बाळगावी.

धुळीचा प्रश्न

आता एका अशा गोष्टीचा विचार करू, जी दरपत्रकात कधी लिहिलेली नसते. दगड कोरडा कापला की उडणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे, म्हणजेच सिलिकाचे, डोळ्यांना न दिसणारे कण असतात. ते फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात आणि तेथे व्रण निर्माण करतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. भारतात कारखाना कायद्याच्या अनुसूचीत या रोगाची नोंद फार पूर्वीच झाली होती. कृत्रिम क्वार्ट्झच्या लाद्यांत सिलिकाचे प्रमाण सर्वाधिक असल्याने त्या कापणाऱ्या कामगारांत हा रोग वेगाने आढळू लागला, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांच्या वापरावर बंदी घातली.

तयार ओट्यावर स्वयंपाक करणाऱ्याला या कणांपासून धोका नाही. धोका कापणाऱ्याला आहे. सदनिकेच्या सज्जात, तोंडाला केवळ रुमाल बांधून, यंत्राने दगड कापणारा तरुण आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. रुमालाने हे कण अडत नाहीत. ग्राहक म्हणून आपण तीन अटी घालू शकतो. कापणी व मोल्डिंग शक्य तेवढे कारखान्यातच, पाण्याच्या धारेखाली व्हावे. घरी करावी लागणारी किरकोळ कापणी पाणी सोडूनच व्हावी. आणि कारागिराने धुळीसाठीचा योग्य मुखवटा लावावा. जिगणी इतक्या जवळ असताना एचएसआर लेआउटमधील घरात कोरडी कापणी करण्याचे समर्थनीय कारण उरत नाही. यासाठी शे-दोनशे रुपये अधिक पडले तरी तो खर्च योग्यच आहे. आपल्या घरची शोभा दुसऱ्याच्या श्वासाच्या मोलाने येऊ नये.

कापणीचा गाळ सिंक वा मोरीत ओतू नये. तो नळीत बसून घट्ट होतो. जुन्या ओट्याचा मलबा अगर तलावाच्या काठी किंवा मोकळ्या भूखंडावर न टाकता महापालिकेने नेमून दिलेल्या ठिकाणीच जाईल, हे ठेकेदाराकडून वदवून घ्यावे.

नित्याची निगा

ओटा रोज कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावा व कोरडा करावा. एवढी निगा पुरेशी आहे. स्वच्छतागृहासाठीची आम्लयुक्त द्रावणे ओट्यावर कदापि वापरू नयेत. गंज काढणाऱ्या काही द्रावणांत ग्रॅनाइटलाही खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ब्लीच आणि आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, हेही ध्यानात असावे.

बंगळूरमध्ये कावेरीच्या पाण्याला कूपनलिकांची व टँकरची जोड द्यावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यातील टंचाईत ही गोष्ट सर्वांनाच जाणवली. कूपनलिकेचे पाणी जड असल्याने नळाभोवती क्षारांचा पांढरा थर जमतो. ग्रॅनाइटवरील असा थर भिजवून, पात्याने अगदी आडव्या कोनात हळूच खरवडावा. मुळात ओटा कोरडा ठेवला तर थर जमतच नाही.

फिक्या रंगाच्या ग्रॅनाइटला आत मुरणारे संरक्षक द्रावण, म्हणजे सीलर, लावून घ्यावे. पाण्याच्या थेंबांची परीक्षा वर्षातून एकदा करावी. दगड गडद होऊ लागला की सीलर पुन्हा लावावे. घट्ट काळ्या दगडाला बहुधा त्याची गरज नसते.

मुरलेल्या डागावर लेप हा उत्तम उपाय आहे. तेलाच्या डागासाठी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जाड लेप द्यावा, वर प्लास्टिक झाकून चोवीस तास ठेवावा, मग वाळू देऊन काढावा. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावे लागते. हळदीच्या डागासाठी पाण्याऐवजी औषध दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्यावे, मात्र आधी कोपऱ्यात वापरून पाहावे. हळदीचा रंग उन्हानेही फिका पडतो. अ‍ॅसिटोन ज्वालाग्राही आहे. ते वापरताना गॅस बंद आणि खिडकी उघडी असावी.

भेगेपासून बचावासाठी एक नियम पाळावा : ओट्यावर उभे राहू नये. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढण्यासाठी सिंकच्या कडेवर पाय दिला जातो, आणि दगडाचा सर्वांत दुबळा भाग तोच असतो. शिडी वापरावी. कढई ग्रॅनाइटवर ठेवली तरी चालते, पण सिंकजवळच्या अरुंद पट्टीवर ठेवू नये.

जुन्या ओट्याचे पुनरुज्जीवन

ओटा निस्तेज दिसू लागला म्हणजे तो निकामी झाला असे नव्हे. अनेकदा दगडावर साबण, तेल आणि क्षार यांचा थर साचलेला असतो व तो काढताच मूळ चकाकी परतते. म्हणून प्रथम कसून स्वच्छता करावी, मगच पॉलिशचा विचार करावा.

कडप्पा मऊ असल्याने त्याला घरच्या घरी पुन्हा पॉलिश करणे सोपे जाते. ग्रॅनाइटला मात्र हिऱ्याच्या कणांच्या चकत्या लागतात. ५० क्रमांकाच्या खरखरीत चकतीपासून १००, २००, ४००, ८००, १५०० अशा क्रमाने ३००० पर्यंत जावे लागते. प्रत्येक चकती आधीच्या चकतीचे ओरखडे मिटवते. मधली पायरी गाळली तर ते ओरखडे शेवटच्या चकाकीतून डोकावतात. हे कामही पाण्यासहच व्हावे. ओरखडे वरवरचे असतील तर ४०० पासून सुरुवात पुरते. कडेचा टवका रंग मिसळलेल्या इपॉक्सीने भरून घासला की सहसा लक्षात येत नाही. भेग बुजवण्यापूर्वी तिचे कारण शोधावे. खालचा आधार खचला असेल तर वरची मलमपट्टी टिकणार नाही.

मग ओटा बदलावा केव्हा? आधार कुजला असेल, भेग आरपार जाऊन रुंदावत असेल, अथवा उंचीच चुकीची असल्याने रोज पाठ दुखत असेल, तर बदलावा. केवळ नव्या रंगाची हौस असेल तर जुन्या दगडाला एकदा पॉलिश करून पाहावे. तेवढ्याने काम भागले तर पैसा वाचतो आणि मलबाही होत नाही. कोट्यवधी वर्षांचा तो दगड आपल्या हयातीत जुना होत नाही. त्याखालचा आधार आणि वरची निगा मात्र आपल्या हाती असते. त्या दोहोंकडे लक्ष दिले तर घरातील पुढची पिढीही त्याच ओट्यावर पोळ्या लाटील.